गेंदाबाईनं भाजी चाखली नाही

"ही गोष्ट तुला खरी वाटणार नाही, मंगला," मी म्हटलं. "आजवर कोणालाच वाटलेली नाही. जन्मात मी शंभर गोष्टी सांगितल्या. त्यातल्या नव्व्याण्णव थापा होत्या, त्या लोकांनी डोळे मिटून गिळल्या. ही एकच खरी, तर हिच्यावर हसतात."

मंगला हसली नाही. हसायच्या मनःस्थितीतच नव्हती ती. मुलींच्या वसतिगृहाचा मागचा ओटा, दुपारची पंगत उठलेली, भांडी घासून पालथी घातलेली, मुली शाळेत. अशा वेळी माणूस पाय पसरून बसतं. ही बाई मात्र एकच परात पुन्हा पुन्हा पुसत होती, मध्येच उठून फाटकापर्यंत जात होती आणि परत येऊन मलाच विचारत होती की आपण कशाला उठलो होतो. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. सरकारी, स्वयंपाकाची. पास झाली तर इथल्या स्वयंपाकीण गेंदाबाईची जागा तिला मिळणार, कायमची. नापास झाली तर आहे तशीच मदतनीस, तीही कोणाची मर्जी असेल तोवर.

अडलं होतं एकाच गोष्टीवर. परीक्षेच्या साहेबासमोर भाजी चाखून दाखवावी लागते, असं तिच्या कानावर आलं होतं. आणि ही तर गेंदाबाईच्या हाताखाली शिकलेली. चुलीवरच्या भांड्यातलं जिभेला लावायचं नाही, हा गेंदाबाईचा पहिला धडा. दोन-तीनदा तिनं गेंदाबाईलाच विचारून पाहिलं होतं. गेंदाबाई आमच्याकडे पाठ करून मेथी निवडत बसली होती. या महिनाअखेर ती निवृत्त होणार होती. "बघू," एवढंच ती म्हणत होती. म्हणून मंगला माझ्याकडे वळली. मी रोजच्यासारखा फुकटच्या चहाला आलो होतो.

"तुझ्या या मावशीनं हीच परीक्षा दिलीय," मी सांगितलं. "आणि न चाखता दिलीय. मी तिथं होतो."

गेंदाबाईची पाठ हलली नाही. मी सांगायला घेतलं.

तेव्हा हे वसतिगृह नवं होतं आणि गेंदाबाई इथं रोजंदारीवर होती. एके दिवशी गृहपाल बाईंनी तिला बोलावून घेतलं आणि सांगितलं की पुढच्या वर्षापासून प्रमाणपत्र असलेलीच स्वयंपाकीण ठेवायची, असा वरून हुकूम आहे. नसेल तर स्वयंपाकघर ठेकेदाराकडे जाईल. गेंदाबाईच्या घरात मिळवते हात दोनच होते आणि ते दोन्ही तिचेच. ती तशीच माझ्याकडे आली. आमची ओळख लग्नाच्या चुलींवरची. ती भांडी चढवायची, मी जाळ धरायचो. खान्देशात माझ्यासारखा जाळ धरणारा झाला नाही. मी इकडं फुंकणीला तोंड लावलं की शेजारच्या गावातल्या चुली पेटायच्या.

नेमका त्याच आठवड्यात तालुक्याला सरकारी मेळावा होता. कौशल्य मेळावा. मी तिला घेऊन गेलो. मोठा मांडव, त्यात ओळीनं टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर सरकार फुकट काहीतरी शिकवायला बसलेलं. मला वाटलं, काम झालं. पहिल्या टेबलावर गळ्यात पट्टा लावलेला एक पोरगेला साहेब होता. तो तिचे पिकायला लागलेले केस बघूनच म्हणाला की या योजनेला वयाची अट आहे, मावशी, तुमच्या मुलीला पाठवा. दुसऱ्या टेबलाला आठवी पास लागत होती. गेंदाबाई चौथीतून उठून चुलीसमोर बसलेली. तिसरं टेबल बचत गटांचं. तिथं शिवणकाम होतं, ब्यूटी पार्लर होतं, अगरबत्ती होती. स्वयंपाक आहे का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, पापड आहेत. चौथं टेबल पिढीजात कारागिरांचं. सुतार आले, लोहार आले, कुंभार आले, शिंपी आला, न्हावीसुद्धा आला. आचारी नाही. मी त्या माणसाशी हुज्जत घातली की बाबा, लग्न न्हाव्यावाचून लागेल, आचाऱ्यावाचून लागायचं नाही. तो म्हणाला, काका, ते वर सांगा. मी मांडवाच्या छताकडे पाहिलं. वर कोणी नव्हतं.

गेंदाबाईच्या चपला वाजायला लागल्या होत्या. घाबरली की ती चालते. या टेबलावरून त्या टेबलावर तिनं इतके हेलपाटे घातले की मांडवातली सतरंजी झिजून खालची माती दिसायला लागली. शेवटी पाण्याच्या टाकीजवळ, जिथं कोणी फिरकत नव्हतं तिथं, एक बाई कोऱ्या अर्जांनी वारा घेत बसलेल्या सापडल्या. त्यांची योजना आधीच काम येणाऱ्यांसाठी होती. वय विचारणार नाही, शाळा विचारणार नाही. फी सरकार भरणार, थोडे दिवस वर्ग, तेवढ्या दिवसांच्या बुडालेल्या मजुरीचा मोबदलाही, वर टोपी आणि अॅप्रन. मग बाहेरगावचा साहेब येऊन परीक्षा घेणार आणि शिक्क्याचं प्रमाणपत्र देणार.

मी विचारलं, यात मेख काय आहे?

बाई म्हणाल्या, मेख काही नाही, फक्त तुकडी पूर्ण लागेल. सरकार एका माणसाला शिकवत नाही, तुकडीला शिकवतं.

झालं. गेंदाबाई एकटी. बाकीची तुकडी मी उभी केली. धरणगावच्या सुपडू आचाऱ्याकडे गेलो. त्याच्या मिशा एवढ्या की फोडणीचा धूर त्यात अडकून दुसऱ्या दिवशी बाहेर यायचा. तो म्हणाला, मला कोण शिकवणार? मी त्याला अॅप्रनवर छातीशी नाव शिवून मिळतं असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो नावाचं स्पेलिंग लिहून घेऊन हजर. मग बँडमधला क्लॅरिनेटवाला आणला, तो लग्नात वाजवून झालं की भांडी उतरवायला हात लावायचा, म्हणजे अनुभवी. देवळातला गुरव आणला. दोन बायका अशा आणल्या की त्यांना घरी सासूपासून दुपारची सुटका हवी होती. तरी एक माणूस कमी पडत होता, तेव्हा मी स्वतः बसलो.

"तुम्ही?" मंगला म्हणाली. "तुम्हाला चहा तरी येतो का करता?"

"म्हणून तर इथं येतो," मी म्हटलं. "ऐक पुढं."

वर्ग एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये भरायचा. शिकवायला ऋजुता मॅडम. पोरगी हुशार, मन लावून शिकवणारी, आणि स्वच्छतेची एवढी भोक्ती की पाणीसुद्धा धुऊन घेईल. केस झाका, नखं दाखवा, वापरलेली वस्तू तशीच टाकू नका, लगेच धुवा आणि खुंटीला लावा. आम्ही सगळे निमूट शिकलो. आणि एका दुपारी त्यांनी परीक्षेची रीत समजावली. पदार्थ कुठलाही करा, पण उतरवायच्या आधी साहेबासमोर स्वच्छ चमच्यानं चाखायचा आणि काय कमी-जास्त आहे ते सांगून दुरुस्त करायचं. हे सक्तीचं आहे. हे केलं नाही तर बाकी कितीही चांगलं असो, नापास.

गेंदाबाई उठली आणि चालायला लागली. शेडच्या बाहेर, फाटकाच्या बाहेर, सडकेवर. मी मागं. फर्लांगभर गेल्यावर ती थांबली.

तुला माहीत आहे, मंगला, पण ज्याला माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतो. नवरात्रात देवीचा भंडारा असतो, त्याची वांग्याची घोटलेली भाजी तेव्हा गेंदाबाई करायची. सगळा गाव जेवायचा. देवीपुढं पहिली पळी जाईपर्यंत त्या भांड्यातलं कोणाच्या जिभेला लागायचं नाही, ही रीत. आणि ज्या हातानं एकदा चाखायची सवय धरली त्या हाताला देवीचं भांडं मिळायचं नाही, असं देवळातली मंडळी मानायची. तिच्या सासूकडे ते भांडं होतं, सासूमागून तिच्याकडे आलं. त्यामुळे लग्न असो, वसतिगृह असो, ही चाखतच नसे. रांधून सगळ्यांना वाढायची आणि शेवटी उरलं असेल ते थंड खायची.

मी तिला सडकेवर तोड सांगितली. म्हटलं, परीक्षेच्या टेबलावर देवीचा फोटो ठेवू. आधी नैवेद्य दाखव, मग चाख. दोन्ही साधलं.

ती म्हणाली, "आणि चाखल्यावर अळणी निघाली तर? साहेब म्हणेल, मीठ घाल. म्हणजे देवीला अळणी दाखवली आणि माणसांना नीट वाढली. देवी काय मीठ बघायला बसवलीय का, नाना?"

तिनं सांगितलं, मी परीक्षा देत नाही. मग म्हणाली, वसतिगृहही जाईल. मग म्हणाली, देते. मग पुन्हा नाही. शेडपर्यंत परत येताना तिनं असं किती वेळा केलं कोण जाणे. सडकेवरच्या एसट्या आमच्यामुळं उभ्या राहिल्या, ड्रायव्हर खाली उतरून आपसात पैजा लावायला लागले.

"एसट्या उभ्या राहिल्या?" मंगलानं विचारलं.

"बरं, एक राहिली. तीसुद्धा पंक्चर होती."

परीक्षेचा दिवस उजाडला. साहेब आले, रेगे नावाचे, मुंबईकडचे. एवढे बारीक की पंख्याखाली उभं राहताना खांबाला धरत. शेगड्या कमी पडल्या म्हणून दोघा-दोघांची जोडी लावली. गेंदाबाई आणि सुपडू आचारी एका भांड्यावर. शेजारच्या शेगडीवर मी आणि क्लॅरिनेटवाला कणकेच्या बट्ट्या जाळत होतो.

आता न चाखणाऱ्या आचाऱ्यांची एक खूण असते. भटारखान्यात दहा हात वावरतात, चाखायचं कोणीच नाही, मग भाजीत मीठ पडलं की नाही हे कळायचं कसं? ज्यानं मीठ घातलं त्यानं मिठाच्या डब्यावर पळी उपडी ठेवायची. पळी दिसली की कोणी मिठाला हात लावत नाही. पळी नसेल तर पुढचा माणूस मीठ घालतो आणि आपली पळी ठेवतो. विचारत नाही. विचारायची गरजच नसते, आजोबा-पणजोबांपासून कधी चूक झालेली नाही.

गेंदाबाईनं वांगी शिजत आली तसं मूठ भरून मीठ घातलं, डब्यावर आपली पितळी पळी उपडी ठेवली आणि डोक्याची टोपी सारखी करायला बाहेर गेली. सुपडू नळावर हात धूत होता. मधल्या मध्ये ऋजुता मॅडम आल्या. वापरलेली पळी डब्यावर पडलेली पाहून त्यांनी ती उचलली, धुतली, पुसली आणि खुंटीला लावली. साहेबांनी गुण कापू नयेत म्हणून, बिचारीनं चांगल्यासाठीच केलं. सुपडू परत आला. डबा मोकळा. त्यानं मूठ भरली, भाजीत टाकली, आणि डब्यावर आपली लोखंडी पळी उपडी ठेवली.

गेंदाबाई आत आली आणि डब्याकडे बघतच राहिली. मग खुंटीकडे. मग सुपडूकडे. सुपडूच्या मिशा खाली आल्या.

आता बघ कसा पेच. भाजीत दुप्पट मीठ पडलंय हे दोघांना पक्कं ठाऊक. किती खारट झालीय, कितीत सुधारेल, हे चाखल्याशिवाय कळणार नाही. सुपडूनंही तिच्यासारखीच जिभेला चाखायची सवय लावलेली नाही. तो हळूच म्हणाला, तू चाख, तुझी नोकरी आहे. ती म्हणाली, तुम्ही चाखा, तुमच्या हातात देवीचं भांडं नाही. तो म्हणाला, माझ्या बापाचा हात माझ्या हातात आहे. आणि रेगे साहेब ओळीनं येत होते. एक शेगडी, चमचा, टिपण. दुसरी शेगडी, चमचा, पाण्याचा घोट, टिपण. गेंदाबाई भांड्यापासून दारापर्यंत जायची, दारापासून भांड्यापर्यंत यायची. मी बट्ट्या सोडून तिच्याकडे बघत होतो, त्यामुळं त्या बट्ट्यांचे पुढं गोफणीचे गुंडे झाले. साहेब आमच्या आधीच्या शेगडीवर आले तशी ती थांबली. माझ्याकडे पाहिलं तिनं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगणार नाही.

"आणि मग?" मंगलानं परात खाली ठेवली होती.

मग मी डोकं चालवलं. समोर फोडणीसाठी लाल मिरच्या होत्या. एक ओंजळ उचलली आणि तापलेल्या तव्यावर टाकली. असा ठसका उठला, मंगला, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं खोकत उडाली. रेगे साहेब तर वाकून अर्धे झाले. सगळे बाहेर पळाले. सुपडू, गुरव, क्लॅरिनेटवाला, मॅडम, सगळे. गेंदाबाई तेवढी भांड्याजवळ उभी राहिली. तिनं डोळे मिटले. भांड्यावरच्या वाफेवर हात धरला. लोक म्हणतात मीठ जिभेला कळतं. खोटं आहे. खऱ्या आचाऱ्याला ते वाफ सांगते. वाफेनं सांगितलं, इतकी डाळ घाल. शेजारच्या भांड्यात तुरीची डाळ शिजलेली होती, ती तिनं ओतली, रवीनं घोटली, पुन्हा वाफेवर हात धरला आणि मान हलवली. बास.

साहेब डोळे पुसत आत आले. अजून काही दिसत नव्हतं त्यांना. म्हणाले, मावशी, चाखा. तिनं स्वच्छ चमचा घेतला, भाजीत बुडवला, तोंडाजवळ नेला. साहेबांनी नेमके तेव्हाच डोळ्यांना रुमाल लावला. मी पाहत होतो. चमचा ओठांपर्यंत गेला आणि तिथून वळून खाली आला. भाजी गेली अॅप्रनच्या खिशात. सरकार अॅप्रनला खिसा का शिवतं, ते मला त्या दिवशी कळलं. साहेबांनी रुमाल काढला तेव्हा चमचा मोकळा. ती म्हणाली, बरोबर झालीय. साहेबांनी स्वतः खाऊन पाहिली. पुन्हा घेतली. मग टिपणवही बाजूला ठेवून बट्टी मागितली. आमची बट्टी त्यांच्या दाताला लागली तेवढा आवाज सोडला तर सगळं सुरळीत झालं. प्रमाणपत्र मिळालं, वसतिगृह राहिलं, आणि देवीपुढं हिचा शब्द राहिला. म्हणून सांगतो, उद्या तू भिऊ नकोस. चमचा ओठाशी ने, वाफेवर विश्वास ठेव, आणि खिसा असलेला अॅप्रन माग. चाखायची गरज नाही.

मंगला माझ्याकडे बघत होती. तिचे हात आता स्वस्थ होते. तिला पटलं होतं, मला दिसलं. ती मनातल्या मनात चमचा वळवून बघत होती.

"वाफ काही सांगत नाही," गेंदाबाई म्हणाली.

ती आमच्याकडे वळली होती. मेथीची जुडी मांडीवर तशीच.

"नाना, तुम्ही गावात माझ्यासाठी बोललात, ते मी बोलू दिलं. इतकी वर्षं. पण हिची उद्या परीक्षा आहे. हिला खोटं नका सांगू." मग मंगलाकडे पाहून म्हणाली, "मिरच्यांचा ठसका खरा. बाकी सगळे बाहेर गेले तेही खरं. मी चाखली. पहिल्यांदा जिभेला लागली तेव्हा मिठाचा खडा तोंडात टाकल्यासारखी लागली. डाळ घातली, परत चाखली. साहेब आले, त्यांच्यासमोर चाखली, चांगली चमचाभर. खिशात काही गेलं नाही. भंडाऱ्याचं भांडं मी त्याच वर्षी सोडलं, गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघ्यांना काही झालं नव्हतं."

एवढं मला ठाऊक होतं. मी चहाच्या कपाकडे बघत बसलो. पण ती अजून थांबली नव्हती.

"आणि साहेब पुढच्या शेगडीकडे गेल्यावर आणखी एकदा चाखली."

हे मला ठाऊक नव्हतं. मंगलानं विचारलं, "ती कशाला, मावशी? परीक्षा तर झाली होती ना?"

"झाली होती," गेंदाबाई म्हणाली. "पण एवढी वर्षं रांधलं, आणि माझ्या हातची भाजी गरम असताना कशी लागते, ते मला तोवर माहीतच नव्हतं."